घरांतील वस्तूंचें आयुष्यमान

बाजारांत बैल घेतांना शेतकरी प्रथम त्याचे दांत पाहतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला अशी ही परीक्षा ठरलेली आहे, आणि त्यावरून हें जनावर आणखी किती वर्षें ओढील याचा अंदाज तो जागच्या जागीं सांगतो. तोच गृहस्थ कांद्याचे किंवा सोयाबीनचे पैसे हातीं येतांच शीतकपाट, गिझर, इन्व्हर्टर अशा वस्तु हप्त्यानें घरीं आणतो; परंतु त्या किती वर्षें टिकाव्या हें ना त्यानें विचारलेलें असतें, ना दुकानदारानें सांगितलेलें. हप्ते फिटण्यापूर्वींच वस्तु निकामी झाली म्हणजे घरची मंडळी नशिबास बोल लावितात. आमच्या मतें यांत नशिबाचा भाग थोडा. उष्णता, पाणी आणि विजेचा दाब या तिघांचा भाग फार मोठा आहे.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची म्हणून दिली जाते. परंतु रोहित्रापासून दूरच्या वस्तीवर, विशेषतः रब्बीच्या दिवसांत साऱ्या विहिरींवरील मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे, हा दाब पुष्कळ खालीं येतो. पाण्याचा पंप असो कीं शीतकपाटांतील कॉम्प्रेसर असो, त्याच्यावरील बोजा तेवढाच राहतो. म्हणून मोटार अधिक प्रवाह ओढते, आंतील गुंडाळी तापते आणि तारेवरील रोगणाचें आवरण हळूहळू करपतें. याविषयीं एक ढोबळ नियम आहे, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आवरणाचें तपमान नेहमींपेक्षां १० अंशांनीं अधिक राहिलें तर त्याचें आयुष्य निम्में होतें, २० अंशांनीं अधिक राहिलें तर चौथाईवर येतें. वीस वर्षांची मोटार पांच वर्षांत भरून आणावी लागते ती अशी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें ई-कचऱ्याच्या हिशेबासाठीं शीतकपाटाचें सरासरी आयुष्य १० वर्षें धरलें आहे. योग्य स्टॅबिलायझर लावलेलें, भिंतीपासून वीतभर पुढें ठेवलेलें, आणि वीज जाऊन आल्यावर चार-पांच मिनिटें थांबून सुरू केलेलें कपाट याहून अधिक काळ चाललेलें आम्ही पाहिलें आहे.

एलईडी दिव्यांचें कोडें पुष्कळांस पडतें. २०१५ सालच्या उजाला योजनेपासून हे दिवे खेडोपाडीं पोहोंचले. डब्यावर बहुधा २५,००० तास लिहिलेलें असतें. रोज पांच तास जाळला तरी तेरा वर्षांहून अधिक काळ व्हावा. मग तो दोन वर्षांत कां जातो? प्रकाश देणारी टिकली सहसा जात नाहीं. बुडांत बसविलेलें लहानसें विद्युत्‌मंडल उष्णतेनें सुकून जातें. बंद कांचेच्या हंडींत दिवा लावणें म्हणजे त्यास कोंडून मारणें होय. छताचा पंखा मात्र खरा दीर्घायुषी. तो मंद फिरूं लागला कीं लोक नवा आणतात. वास्तविक बहुतेक वेळां शंभर रुपयांच्या आंतला कपॅसिटर बदलला कीं जुनाच पंखा पूर्ववत्‌ फिरतो. मिक्सरच्या कार्बन ब्रशांची गोष्ट तशीच.

दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें म्हणजे गिझरच्या तापदांड्यावर चुन्याचा थर बसतो, उष्णता पाण्यास न मिळतां दांड्यांतच कोंडते, आणि दांडा फुटतो. पोलादी टांकीच्या गिझरमध्यें मॅग्नेशियमची एक कांडी असते. टांकीऐवजीं गंज आपल्या अंगावर घ्यावा एवढेंच तिचें काम. ती संपली कीं पाळी टांकीची येते. कांडी दर दोन-तीन वर्षांनीं तपासून घ्यावी, हें विकणारा सांगत नाहीं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीची आबाळ याहून मोठी. नळाचें किंवा विहिरीचें पाणी पिण्यास स्वच्छ असलें तरी बॅटरीच्या दृष्टीनें तें शुद्ध नव्हे; त्यांतील क्षार शिशाच्या पट्ट्या खराब करतात. ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, तेंही खुणेच्या वर नव्हे. पत्र्याच्या तापलेल्या खोलींत ठेवलेली बॅटरी सावलींतल्या बॅटरीपेक्षां कितीतरी लवकर मरते. तेथेंही तोच दहा अंशांचा नियम लागू आहे.

आतां जी वस्तु सर्वांत स्वस्त, तिच्याविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. गॅसच्या शेगडीची नारिंगी नळी थकली तर नुकसान पैशांचें होत नाहीं, माणसांचें होतें. या नळीची मुदत पांच वर्षांची आहे. तारीख नळीवरच छापलेली असते. पण ती कडप्प्यामागें असल्यामुळें कोणी वाचीत नाहीं, आणि उंदरांचे दांत तेथेंच पोहोंचतात. सांध्यास साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावें. काडी ओढून कदापि पाहूं नये. सिलिंडरच्या मानेजवळील पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व दोन आंकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘सी २९’ असल्यास त्या टांकीची तपासणी सप्टेंबर २०२९ पर्यंत व्हावयाची आहे, असा अर्थ. ही वायूची मुदत नव्हे. तारीख उलटलेली टांकी दारांतूनच परत करावी. घरच्या स्त्रियांस हें वाचावयास शिकविणें अगत्याचें आहे, कारण टांकी बहुधा त्याच उतरवून घेतात.

छपराविषयीं थोडेंच. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. मंगलोरी कौलें पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, वासा मात्र वाळवीनें आधीं जातो. जस्ताच्या पत्र्याचें आयुष्य त्यावरील जस्ताच्या जाडीवर असतें. कोंकणच्या खाऱ्या वाऱ्यांत तो घाटावरच्यापेक्षां पुष्कळ आधीं गंजतो.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. नोंद नाहीं तेथें भांडण, हा आमचा अनुभव. म्हणून प्रत्येक घरीं एक वही असावी आणि तींत वस्तूचें नांव, घेतल्याची तारीख, किंमत, हमीची मुदत व दुरुस्तीचा खर्च हे रकाने आंखावे. पावती त्याच पानास टांचावी, व तिची छायाप्रत काढून ठेवावी, कारण आजकालच्या पावतीची शाई वर्षभरांत उडते. समजा, २,४०० रुपयांचा मिक्सर तीन वर्षें चालला, तर वर्षास ८०० रुपये पडले. ४,२०० रुपयांचा सात वर्षें चालला, तर ६००. स्वस्त कोणता, तें वहीच सांगते. सुटे भाग कोठें मिळतील याची माहिती देण्यासाठीं केंद्र शासनानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें आहे. खरेदीपूर्वीं शाळकरी मुलाकडून तें पाहून घ्यावें.

जुनी बॅटरी बांधावर उपडी करूं नये. आंतील आम्ल व शिसें जमिनींत उतरतें, आणि शिसें तेथून निघत नाहीं. नवी घेतांना दुकानदार जुनी परत घेतो व तिच्या शिशाचे पैसे किंमतींतून वजा करतो. ती रक्कमही वहींत त्याच रकान्यांत मांडावी.