गवा बघावा, पण कसा?

'सफर' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सफर म्हणजे प्रवास. मूळ शब्द अरबी. तो आपल्याकडे आला, तसाच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही गेला. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याचे 'सफारी' झाले. आज रानटी जनावरे बघत जंगलात फिरण्याला सगळे जग सफारी म्हणते.

सफारी म्हटली की आफ्रिकेचे सिंह आणि हत्ती डोळ्यांपुढे येतात. पण आमच्या शिवाजी पेठेतून निघाले, की राधानगरीवरून सुमारे ८० किलोमीटरवर दाजीपूरचे जंगल लागते. तिथे गवा आहे. गवा बघायला परदेशी जायला नको. मात्र तो बघावा कसा, हे शिकायला हवे.

शिकारीचे रान झाले अभयारण्य

पूर्वी राजेरजवाडे रानात जात ते शिकारीसाठी. दाजीपूर हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणवले. पुढे आपल्या देशातला चित्ता संपलाच. १९५२ साली तसे जाहीर झाले. त्यानंतर थेट २०२२ साली नामिबियातून आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनो येथे ठेवले. एकदा गेलेले जनावर असे समुद्रापलीकडून आणावे लागते.

गव्यावर ती पाळी आली नाही. १९५८ साली सरकारने दाजीपूर हे अभयारण्य केले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. अभयारण्य म्हणजे जनावरांना अभय असलेले अरण्य. तिथे शिकारीला बंदी असते. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यांत राधानगरीही आहे.

आफ्रिकेत कसे बघतात?

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९२६ साली त्याला हे नाव व हा दर्जा मिळाला. ते एवढे मोठे, की आपले अडीच कोल्हापूर जिल्हे त्यात मावतील. लोक तिथे स्वतःच्या मोटारीनेही फिरतात. पण नियम कडक आहेत. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचे नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचे नाही, कच्च्या रस्त्यावर ४० च्या. फाटक बंद व्हायच्या आत परत यायचे. उशीर केला तर दंड.

असे का? जनावरांना गाड्यांची सवय होते. गाडी आपल्याला काही करत नाही, हे त्यांना कळते. पण माणूस खाली उतरला, की त्यांना भय वाटते. भ्यालेले जनावर एकतर पळते, नाहीतर अंगावर येते.

गवा म्हणजे कोण?

काहीजण गव्याला रानरेडा म्हणतात, काही बायसन म्हणतात. दोन्ही बरोबर नाही. रानरेडा निराळा. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो. गवा हा गाईबैलांच्या कुळातला सर्वांत मोठा रानटी प्राणी आहे. मोठ्या नराचे वजन १० क्विंटलपर्यंत भरते. अंग काळेभोर, आणि गुडघ्याखाली पाय पांढरट, जणू पायमोजे घातलेत. गवा गवत आणि पाला खातो. सकाळी आणि सांजच्याला तो चरायला उघड्यावर येतो. त्याचे नाक फार तिखट. माणसाचा वास त्याला लांबून येतो. तो आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. पण कोंडला, भ्याला, तर त्याच्यापुढे कोणाचा टिकाव लागणार?

एका महिन्यातले दोन गवे

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. बघता बघता शेकडो माणसे जमली. कोणी ओरडले, कोणी फोटोसाठी मागे धावले. गवा गल्लीबोळांतून पळत सुटला आणि जखमी झाला. शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडले. पण धावपळीने आणि भीतीने थकलेला तो जीव वाचला नाही.

त्याच महिन्यात पुण्याच्या बावधन भागात दुसरा गवा आला. या वेळी बघ्यांना लांब ठेवले. गव्याला वाट मोकळी मिळाली. तो रानात परत गेला. गवे दोन्ही सारखेच. फरक होता तो माणसांच्या वागण्यात.

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या कोल्हापूर शहराच्या वेशीवरच गवे आले. उसात त्यांना लपायला जागा मिळते, चारा मिळतो, पाणी मिळते. म्हणून ही वेळ पुन्हा येणार, हे धरून चालावे.

एवढे ध्यानात ठेवा

१. गवा बघायचा तर अभयारण्यात जावे. वनखात्याची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात ते बंद असते.
२. गाडीतच बसावे. बोलणे हळू. हॉर्न नको, गाणी नकोत.
३. खायला काही टाकू नये. कचरा घरी परत आणावा.
४. गावात गवा आला, तर 'चला बघायला' म्हणून धावू नये. पोरांना घरात घ्यावे, कुत्री बांधावीत.
५. दगड मारू नये, घेराव घालू नये. त्याची परतीची वाट मोकळी ठेवावी.
६. लगेच वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करावा. क्रूगरचे सालही तेच. आकडा विसरणार नाही.
७. पिकाचे नुकसान झाले, तर वनखात्याकडे अर्ज करावा. सरकार भरपाई देते.

पाहुणा घरी आला, की आपण त्याची वाट अडवत नाही. आणि आपण पाहुणे म्हणून गेलो, तर यजमानाच्या घरात दंगा करत नाही. रानात आपण पाहुणे, गावात गवा पाहुणा. एवढे समजले, तर गवाही जगेल आणि माणूसही.

विचार करा

१. कोथरूडचा गवा का मेला? बावधनचा का वाचला?
२. उद्या तुमच्या शेतात गवा दिसला, तर पहिले काम कोणते कराल?