मारिया आणि कानोन : एका मूर्तीच्या दोन ओळखी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील कमळ हाती धरलेला पद्मपाणी आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, करुणेचे रूप. तो चीनमध्ये गेला आणि काही शतकांत तेथील कलाकारांनी त्याला स्त्रीरूप दिले. चीनमध्ये ती ग्वानयिन, जपानमध्ये कानोन. मूल घेतलेली तिची पांढरीशुभ्र चिनी मातीची मूर्ती चीनच्या देहुआ भागात घडवली जाई. मूल व्हावे म्हणून बायका तिला पूजत.

ही मूर्ती मेरी आणि बाळ येशूच्या मूर्तीशेजारी ठेवली तर नजर फसते. डोक्यावर पदर, मान किंचित खाली, जवळ मूल. अर्थ मात्र निराळा. मेरीचे मूल तिच्या पोटचे, आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार तोच देव. आईचा मान त्याच्यामुळे. कानोनचे मूल तिचे नव्हे. ते तिच्याकडे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या कुठल्याही बाईचे.

या साम्याचा आडोसा जपानमधील ख्रिस्ती गरिबांनी घेतला. ज्यांचे शव आज गोव्यात आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते. १६१४ साली शोगुनच्या राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. नागासाकीकडे लोकांना मेरी-येशूच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. जो कचरला त्याच्यावर संशय. शिवाय प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिराचा दाखला लागे. करुणेच्या धर्माची मंदिरे सरकारची पाळत ठेवणारी कचेरी बनली, हे आपण बौद्धांनी झाकून ठेवू नये. दाखल्यावाचून माणसाचे काय हाल होतात, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी त्या शेतकरी-मच्छीमारांनी घरात कानोन ठेवली आणि प्रार्थना मेरीची केली. पुष्कळ मूर्तींवर क्रूसाची खूणही नसे. खूण सापडली की घरदार संपले! अशा मूर्तीला आता मारिया कानोन म्हणतात. उराकामी गावातून जप्त केलेल्या काही मूर्ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्या कोणाच्या घरातून आल्या हे ठाऊक नसेल, तर नुसत्या पाहून त्यांत मेरी ओळखता येत नाही.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामीची काही माणसे आली. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच विचारले, मेरीची मूर्ती कुठे आहे? दोनशेहून अधिक वर्षे पाद्र्यावाचून ही श्रद्धा घरोघरी टिकली होती. पण ओळख उघडी पडताच पुन्हा धरपकड झाली आणि उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये.