तान्ह्या बाळाचे अंथरूण

तान्ह्या मुलाला रात्री कोठे निजवावे, हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी कोणाला पडत नसे. बाळ आईच्या कुशीत निजायचे. पाळणा होता तो दिवसा, आईचे हात कामात असतील तेव्हापुरता. आता मात्र हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो घरातल्या मतभेदातून आलेला असतो. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आजी सांगतात, "डॉक्टर, तिकडे एवढ्याशा जिवाला वेगळ्या कठड्याच्या खाटेवर ठेवतात हो! शेजारी घेऊ नका म्हणून नर्सने मलाच बजावले. आम्ही काय मुले चिरडून टाकली?" दुसरीकडे एखादी सून मोबाईलवर काहीबाही वाचून इतकी धास्तावलेली असते की बाळ शेजारी असेल तर ती रात्रभर डोळा मिटत नाही.

या दोघींचेही थोडे थोडे बरोबर आहे. आजीने मुले कुशीत घेऊन वाढवली हे खरे. पण ती ज्या अंथरुणावर वाढवली ते अंथरूण आज घरात राहिलेले नाही. जमिनीवर चटई, तिच्यावर सतरंजी किंवा वाकळ, पांघरायला सोलापुरी चादर आणि बाळाच्या डोक्याजवळ फारसे काही नाही, असा तो थाट होता. आज त्याच जागी भिंतीला टेकवलेला डबल बेड, बसले की खाली जाणारी फोमची गादी, चार उशा आणि दोघांत मिळून एक जाड मऊ ब्लँकेट आले आहे. चाल जुनीच राहिली, पण बिछाना बदलला. धोका आईच्या कुशीत नसून या बिछान्यात आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

मऊ गादीत बिघडते काय, ते पाहू. पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. मान धरलेली नसते. चेहऱ्यावर काही आले तर ते हाताने दूर सारता येत नाही. मऊ गादीत किंवा उशीच्या खोलगट भागात तोंड गेले की बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहते. प्राणवायू कमी होतो. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो, कूस बदलतो. लहान बाळाची ही जाग येण्याची शक्ती अजून कच्ची असते, आणि त्यातून ते रडतही नाही. म्हणून "रडले असते तर कळलेच असते" या भरवशावर कोणी राहू नये.

तान्ही बाळे झोपेत अचानक दगावण्याचे प्रकार सर्वांत जास्त दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात, आणि त्यांतील बहुतेक सहा महिन्यांच्या आतले असतात. कित्येकदा शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही. आपल्याकडे मग कोणी "दूध छातीत गेले" म्हणते, कोणी नजर लागली म्हणते, आणि "अंगाखाली घेतले असेल" असे म्हणून पहिले बोट आईकडे दाखवले जाते. बाळाचा मुळातला नाजूकपणा, हे अडनिडे वय आणि झोपण्याच्या जागेतले काही दोष, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे असे घडते, असे तज्ज्ञ मानतात. यातल्या पहिल्या दोन आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाळाला उताणे निजवणे. रात्रीच नव्हे, दुपारच्या डुलकीलाही. या बाबतीत आपल्या आज्यांचे कौतुक केले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत अनेक वर्षे डॉक्टरच पालकांना बाळ पालथे निजवायला सांगत होते. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकातही हाच सल्ला होता. पुढे न्यूझीलंड, ब्रिटन वगैरे ठिकाणच्या पाहण्यांतून पालथे निजणाऱ्या बाळांत असे मृत्यू जास्त होतात हे दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस बाळांना उताणे निजवण्याची सरकारी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच तिथले हे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. त्यासाठी ना नवे औषध लागले, ना लस. आपल्या घरांत उताणेच निजवण्याची रीत होती, ती तशीच चालू ठेवावी.

यावर हमखास निघणारी शंका अशी, की उताण्या बाळाने दूध काढले तर ते श्वासनलिकेत जाणार नाही का? शरीराची रचना पाहिली की शंका फिटते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेले दूध पुन्हा खालच्या बाजूलाच ओघळते. पालथ्या बाळात नेमके उलटे होते. म्हणून पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि मग निःशंकपणे उताणे ठेवावे. कुशीवर ठेवून पाठीला उशीचा टेकू देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तीही नको, कारण कुशीवरचे बाळ सहज कलंडून पालथे होते. पालथे घालायचेच असेल तर ते जागे असताना, आपण समोर बसलेले असताना घालावे. त्याने मान आणि पाठ बळकट होते.

आता शेजारी घेण्याचा प्रश्न. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली दिलेला सल्ला असा, की पहिले सहा महिने तरी बाळ आईवडिलांच्या खोलीतच, पण वेगळ्या अंथरुणावर निजवावे. म्हणजे अमेरिकेतही बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा असे ते तज्ज्ञ सांगत नाहीत. आजीबाईंनी एवढे तरी समाधान मानावे. ब्रिटनमधील २०२१ च्या अधिकृत मार्गदर्शनाचा सूर थोडा निराळा आहे. पुष्कळ आया बाळाला जवळ घेणारच, तेव्हा ते कमी धोक्याने कसे घ्यावे आणि केव्हा मुळीच घेऊ नये हे त्यांना नीट सांगावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे एका खोलीत चार-पाच माणसे झोपतात, रात्री तीन-चार वेळा अंगावर पाजायचे असते. अशा घरांना हे दुसरे धोरण जास्त उपयोगी आहे, असे माझे मत आहे. अंगावरच्या दुधाने झोपेतील मृत्यूचा धोकाही कमी होतो, आणि आई जवळ असली की रात्रीचे पाजणे टिकते.

तरी सर्वांत चांगली सोय विचाराल तर मी जमिनीवरची सांगेन. आईचे अंथरूण खाली घालावे आणि त्याला लागून, हात पोचेल इतक्या अंतरावर, बाळाची वेगळी छोटी, सपाट आणि घट्ट गादी ठेवावी. तळहाताने दाबली तर खड्डा पडणार नाही अशी. पाजायला जवळ घ्यावे, झाले की त्याच्या जागेवर ठेवावे. पाजता पाजता आईला डोळा लागला तरी जमिनीवर पडण्याचे भय नाही.

न्यूझीलंडमधील माओरी लोकांतही बाळाला शेजारी निजवण्याची चाल आहे. तिथे सुमारे वीस वर्षांपूर्वी बाळासाठी एका स्थानिक वनस्पतीच्या पातींची टोपली विणायला सुरुवात झाली. तिला 'वाहाकुरा' म्हणतात. ती आईवडिलांच्या अंथरुणातच ठेवतात, त्यामुळे बाळ जवळही राहते आणि त्याची जागाही वेगळी राहते. परंपरा न मोडता धोका कमी करण्याचा हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो.

बाळ आईच्याच अंथरुणात निजणार असेल तर आईने कसे झोपावे? पाजणारी आई बहुधा आपोआपच योग्य रीतीने झोपते. ती बाळाकडे तोंड करून एका अंगावर निजते, गुडघे पोटाकडे घेते आणि तिचा खालचा हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला येतो. हातामुळे बाळ वर उशीकडे सरकत नाही, गुडघ्यांमुळे खाली पांघरुणात जात नाही, आणि आईलाही त्याच्या अंगावर कलंडता येत नाही. कुशीत घेणे म्हणतात ते हेच. बाळाचे डोके आईच्या छातीच्या पातळीला असावे, तिच्या उशीवर नसावे. दूध पिऊन झाले की बाळाला उताणे करावे. आईचे पांघरूण तिच्या कमरेपर्यंतच असावे; थंडी असेल तर तिने वर स्वेटर घालावा. बाळाला वेगळे, पातळ पांघरूण छातीपर्यंत आणि हात त्याच्यावर. केस लांब असतील तर बांधावेत.

बाळाला आईवडिलांच्या मध्ये ठेवले की ते दोन्ही बाजूंनी सुरक्षित, अशी समजूत आहे. वस्तुतः तिथे दोघांच्याही पांघरुणाखाली ते जाते. आईच्या एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला इतर, असे असावे. थोरले भावंड तीन-चार वर्षांचे असेल आणि त्यालाही आईच हवी असेल, तर ते आईच्या पाठीमागच्या बाजूला. बाळाशेजारी ते कधीही नको. त्याला झोपेत कसलेही भान नसते. पलंग भिंतीला टेकवलेला असेल तर गादी आणि भिंत यांच्यामधली फट पाहून घ्या. दिसायला दोन बोटांची असते, पण फोमची गादी दबली की तेवढ्यात बाळ अडकते. पडू नये म्हणून भोवती उशांचा आणि लोडांचा कोट रचतात, तोही काढून टाकावा.

डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा मी काढायला सांगतो. झोपताना बाळाचे तोंड एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे वळवावे, तेवढे पुरे. घरात, विशेषतः उन्हाळ्यात, झोपताना टोपडे नको. बाळाला उकडते आहे का हे हातापायांवरून ठरवू नये, ते थोडे गारच असतात. मानेमागे किंवा पोटावर हात लावून पाहावे. गळ्यात काळा दोरा, ताईत, साखळी असेल तर ती उतरवावी. कमरेचा करदोडा राहू द्या. त्यावरून मला कोणाशी भांडायचे नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल मात्र भांडायला मी तयार आहे. दारे-खिडक्या बंद, आत कोळशाची शेगडी, वर धुरी, असे चित्र अजून पुष्कळ घरांत दिसते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठला तर आई आणि बाळ दोघेही झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. शेक घ्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून घ्या आणि झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढा. धूप आणि डासांच्या उदबत्त्याही नकोत. मच्छरदाणी लावावी, नीट ताणून.

आता ज्या घरांत बाळाला शेजारी मुळीच घेऊ नये त्यांविषयी. बाळ दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले असेल, किंवा जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर त्याला अंथरूण वेगळेच हवे. आपल्या देशात जवळजवळ दर पाच-सहा बाळांत एक असे कमी वजनाचे असते, म्हणून ही सूचना थोड्याथोडक्यांसाठी नाही. अशा बाळाला ऊब देण्यासाठी डॉक्टरांनी छातीशी बांधून ठेवायला सांगितले असेल, तर ते जरूर करावे. पण ते कसे बांधायचे आणि आईने किती उंच टेकून पडायचे हे दवाखान्यातून शिकून घ्यावे.

दारू घेतलेला माणूस बाळाच्या अंथरुणात नसावा, मग तो बाप असो की आजोबा. झोपेची गोळी, खोकल्याची गुंगी आणणारी औषधे, शस्त्रक्रियेनंतरची काही वेदनाशामके घेतलेल्या आईलाही जाग उशिरा येते. त्या रात्री बाळ वेगळे ठेवावे. तंबाखूचे तसेच. विडी-सिगारेट ओढणारा खोलीबाहेर जाऊन ओढत असला तरी त्याच्याबरोबर बाळाला निजवू नये. मशेरी लावणाऱ्या बायका मला सांगतात, "आम्ही कुठे ओढतो? दातांना तर लावतो." पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातले निकोटीन रक्तात जाते, गरोदरपणी वारेतून बाळापर्यंत पोचते, बाळाचे वजन घटवते आणि झोपेत जागे होण्याची त्याची शक्ती मंदावते. मशेरीची सवय सोडण्याची खरी वेळ गरोदरपणाचे पहिले महिने हीच. तेव्हा सुटली नसेल तर निदान बाळाचे अंथरूण वेगळे करावे.

आणखी एक. शेजारी घ्यायची भीती वाटते म्हणून काही आया रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजतात आणि तिथेच पेंगतात. हे अंथरुणात निजण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचे आहे, कारण बाळ आईचे अंग आणि सोफ्याची पाठ यांच्यामध्ये घसरते. झोप येत असेल तर सोफ्यावरून उठून, वर सांगितल्याप्रमाणे अंथरूण करून आडवे व्हावे. साडीच्या झोळीतही रात्रभर ठेवू नये. झोळीत बाळाचे अंग मुडपते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. रडे थांबवण्यापुरती झोळी ठीक. झोप लागली की सपाट जागेवर.

चार-पाच महिन्यांनंतर बाळ आपले आपण पालथे पडू लागते. दोन्ही बाजूंना वळता येऊ लागले की रात्री उठून उठून त्याला उताणे करत बसण्याचे कारण नाही. निजवताना मात्र उताणेच निजवावे. याच वयात पलंगावरून पडण्याचे प्रकार सुरू होतात. डोक्यावर पडलेल्या बाळाला वारंवार उलटी झाली, ते नेहमीपेक्षा सुस्त वाटले, झटका आला, किंवा टाळू फुगलेली दिसली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सहा महिन्यांच्या आतले बाळ पडले असेल तर ते हसतखेळत असले तरी एकदा दाखवून घ्यावे.