फोनमध्ये कॅमेरा आहे, मग फोटोग्राफी शिकायला आर्ट कॉलेजला कशाला?

हा या भागाचा लिहिलेला मजकूर. बोलताना आलेले "अं... म्हणजे" काढलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंग झरीत केलंय, त्यामुळे ऑडिओत मधेच गाड्यांचे हॉर्न येतील. तेवढं चालवून घ्या.

विषय असा की बारावीच्या आसपासची बरीच पोरंपोरी एकच गोष्ट विचारतात. "मला फोटो काढायला आवडतं. याचं कॉलेज असतं का? आणि घरी काय सांगायचं?" आपल्या भागात बारावीनंतरचे रस्ते आधीच आखलेले असतात. लातूर नाहीतर नांदेडला नीटचा क्लास, नाहीतर इंजिनिअरिंग, नाहीतर भरतीची तयारी. त्यात कुणी "फोटोग्राफी शिकायची" म्हणालं की घरचे म्हणतात, त्यात शिकायचंय काय, मोबाईल आहे की हातात.

घरच्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, चांगला प्रश्न आहे. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे उत्तर मोबाईलपासूनच सुरू करतो.

तुम्ही फोनवर बटण दाबता तेव्हा एक फोटो निघत नाही. कॅमेरा उघडल्यापासून फोन फ्रेम्स साठवत असतो. बटण दाबलं की त्यातल्या बऱ्याच फ्रेम्स एकमेकांवर बसवतो, सावलीतला भाग उजळ करतो, आभाळ पांढरं पडू देत नाही, चेहरा ओळखून त्यावर फोकस धरतो. पोर्ट्रेट मोड लावला तर मागचं काय आणि पुढचं काय याचा अंदाज बांधून मागचं धूसर करतो. कानाजवळचे केस कधीकधी अर्धे गायब होतात ना, ते याच अंदाजामुळे. म्हणजे फोटोत जे निर्णय घ्यायचे असतात, त्यातले बहुतेक कुठल्यातरी ऑफिसात माझ्यासारख्या लोकांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. ते सरासरी फोटोसाठी उत्तम असतात. अडचण येते ती सरासरीत न बसणाऱ्या गोष्टीपाशी.

आपल्याच रानातलं बघा. वेचणीच्या दिवसांत बोंडं फुटलेली असतात, खाली काळी माती. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगाने फ्रेम भरून फोटो काढला तर कापूस मळकट, करडा दिसतो. आणि नुसत्या काळ्या रानाचा किंवा म्हशीचा जवळून काढला तर काळं फिकट पडतं. कारण कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं जग साधारण मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पूर्वीपासून त्यासाठी १८ टक्के प्रकाश परत फेकणारं करडं कार्ड वापरतात. पांढरं दिसलं की मीटरला वाटतं उजेड जास्त झाला, कमी करा. काळं दिसलं की वाटतं उजेड कमी पडतोय, वाढवा. नव्या फोनचं सॉफ्टवेअर यातलं बरंच सावरून घेतं, पण शेवटी तो अंदाजच. "हा कापूस आहे, हा पांढराच दिसला पाहिजे" हे माणसाने सांगावं लागतं. आत्ता करून बघा: कापसाच्या ढिगावर बोट टेकवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. तुम्ही एक निर्णय फोनकडून काढून घेतलात. आर्ट कॉलेजात चार वर्षं हेच चालतं, फक्त एकेक निर्णय सुटा करून.

आता कॉलेज. महाराष्ट्रात फोटोग्राफी शिकायची जुनी सरळ वाट म्हणजे बीएफए, चार वर्षांची पदवी, आणि त्यातली उपयोजित कला म्हणजे अप्लाइड आर्ट ही शाखा. इथं बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून आधीच सांगतो. पहिल्या दिवशी हातात कॅमेरा देत नाहीत. पहिलं वर्ष पायाभूत असतं: रेखाटन, रंग, आकार, अक्षरं. फोटोग्राफीची ओळख हळूहळू होते आणि तो खास विषय म्हणून निवडायची वेळ पुढच्या वर्षांत येते. सोबतीला टायपोग्राफी, इलस्ट्रेशन असे पर्याय असतात.

मग वर्षभर पेन्सिल घासायची कशाला? प्रवेश परीक्षेतच याचं उत्तर आहे. राज्याचा सीईटी सेल बीएफएसाठी एएसी सीईटी घेतो. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि थोडं सामान्य ज्ञान. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर हे शब्द ओळखीचे वाटतील. वस्तुचित्रात समोर समजा एक मडकं, दोन वांगी आणि घडी विस्कटलेलं कापड ठेवलंय. ते काढताना पहिला प्रश्न पडतो, उजेड कुठून येतोय? मडक्यावर सगळ्यात चमकदार ठिपका कुठं आहे, अंधार कुठं सुरू होतो, आणि अंधाराच्या कडेलाही खालच्या कापडावरून उसळलेला थोडा उजेड कसा लागतो. तासभर हे बघत बसलेल्या माणसाला लाइट कुठं ठेवायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. ज्याने हे कधी बघितलं नाही तो महागडे लाइट लावूनही चेहरा सपाट करतो. लग्नाच्या अल्बममध्ये सगळी माणसं पिठात बुडवून काढल्यासारखी दिसतात, ती यामुळेच.

आपल्याकडे हे नवीन नाही. दादासाहेब फाळके, जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथं चित्रकलेबरोबर फोटोग्राफी शिकले. पुढं गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, छपाईचा धंदा केला, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणला. त्याआधी भांडवल देणाऱ्यांना पटवायला त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं. आपण आज टाइमलॅप्सचं बटण दाबतो ना, तेच, हाताने.

दुसरं नाव होमाई व्यारावाला. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३. त्याही जे.जे.च्याच विद्यार्थिनी. कॅमेरा मात्र त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढं त्यांचं लग्न झालं. सुरुवातीचे फोटो छापून यायचे तेही माणेकशॉंच्या नावाने. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. फाळके काय, होमाई काय, दोघांच्या नजरेला चित्रकलेच्या वर्गाने वळण लावलं.

उलटं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. राजा दीनदयाळ रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, तिथं नोकरी करता करता कॅमेरा हातात घेतला आणि शेवटी निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळात आपला परभणी जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे आर्ट कॉलेजशिवायही होतं. (आम्हा इंजिनिअर लोकांना हे उदाहरण जरा जास्तच आवडतं.) पण ड्राफ्ट्समन म्हणजे रोज रेघा, मापं आणि इमारतींचे कोन. त्यांच्या इमारतींच्या फोटोंत उभ्या रेषा किती सरळ असतात ते शोधून बघा. त्यांची पेन्सिल ऑफिसात घासून झाली होती, एवढंच.

आता जरा वर्गात शिरू, कारण मला यातलाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. घरातला स्टीलचा तांब्या घ्या आणि फोटो काढा. काय दिसतं? तुम्ही, तुमचा फोन, मागची खिडकी, ट्यूबलाइटचा पट्टा. जास्त लाइट टाकला तर आणखी वाईट. कारण स्टील आरशासारखं वागतं, त्यावर पडलेला उजेड आपल्याला दिसत नाही, त्यात पडलेलं प्रतिबिंब दिसतं. म्हणून प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकताना तांब्यावर लाइट टाकत नाहीत, तांब्याला जे दिसतंय त्यावर टाकतात. दोन्ही बाजूंना थर्माकोलच्या पांढऱ्या शीट उभ्या करायच्या आणि लाइट त्या शीटवर मारायचा. तांब्या एकदम मऊ, चांदीसारखा दिसायला लागतो. पण पांढऱ्या मागच्या बाजूवर त्याची कड हरवते. मग दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या उभ्या केल्या की कडेला काळी रेघ उमटते आणि आकार परत येतो. खर्च? स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानाचा. हे एकदा डोक्यात बसलं की सोनाराच्या दुकानातली ठुशी असो की ट्रॅक्टरचं बोनेट, तर्क तोच.

उजेडाचं गणितही असंच. बल्बपासून १ मीटरवर बसलेला माणूस २ मीटरवर सरकला की त्याच्यावरचा उजेड निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. लेन्सवरचे १.४, २, २.८, ४, ५.६ हे विचित्र आकडे पाठ करायला लावतात, त्यातही प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होत जातो. वर्गात हे फळ्यावर दहा मिनिटांत संपतं, हाताला वळण लागायला महिने जातात.

फोटोग्राफी अप्लाइड आर्टमध्येच का, हे समजून घ्यायला कृषी सेवा केंद्रात जा. बियाण्याच्या पाकिटावरचा तो टच्च फुटलेला कापूस कुणीतरी काढलेला फोटो आहे. वर कंपनीचं नाव बसेल एवढी जागा सोडलेली, खाली वाणाचं नाव, बोंड मध्ये नाही तर जरा बाजूला. फोटो काढण्याआधीच अक्षरं कुठं येणार हे ठरलेलं असतं. जे.जे.मध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला तो अशाच कामांसाठी माणसं तयार करायला: जाहिरात, पोस्टर, वेष्टन. १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. इन्स्टावरचा फोटो एकटाच उभा असतो, इथं फोटोला अक्षरांच्या शेजारी नांदायला शिकवतात. टायपोग्राफीचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

जायचं कुठं? मराठवाड्यातल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय सगळ्यात जवळचं, परभणीहून रेल्वेने जाता येतं. नागपूरलाही शासकीय आहे. जे.जे. मुंबईला, ते २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे त्यांच्या प्रवेशाची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर वेगळी बघा. आणि एक नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, ते म्हणजे हैदराबादचं जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स युनिव्हर्सिटी. तिथं बीएफएमध्ये फोटोग्राफीची स्वतंत्र शाखाच आहे आणि परभणीहून तिकडं थेट गाड्या आहेत. प्रवेश परीक्षा त्यांची वेगळी, बाहेरच्या राज्यातल्या मुलांचे नियम वेगळे, ते माहितीपत्रकात नीट वाचा. पदवीनंतर पुढं जायचं असेल तर एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनमध्ये मास्टर्स आहे. पुण्याच्या एफटीआयआयचं छायांकन हे सिनेमाचं, तो वेगळा विषय.

बारावी कोणत्या शाखेची, याने बीएफएला फरक पडत नाही. सायन्स घेतलंय म्हणून वाट बंद झाली असं धरून बसू नका.

आता घरचा मुद्दा, म्हणजे पैसे. माझं मत सरळ सांगतो. तुम्हाला फक्त लग्नाची कामं करायची असतील तर चार वर्षं घालवू नका. परभणीत किंवा जिंतूरला एखाद्या चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली दोन सीझन काढा, लवकर कमवाल. तो धंदा चांगला आहे, त्याला पदवी कुणी विचारत नाही. पण लग्नसराई संपली की तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामे, आणि गावात कॅमेरे दरवर्षी वाढताहेत. पदवीचा उपयोग तिथं आहे जिथं फोटोसोबत आणखी काही मागतात. जाहिरात एजन्सी, ऑनलाइन विकणाऱ्यांचं प्रॉडक्ट शूट, पुस्तकं आणि मासिकं, संग्रहालयातल्या वस्तूंची नोंद, डिझाइनची नोकरी. फोटोचं काम नाही मिळालं तरी लेआउट येतो, अक्षर येतं, ते विकता येतं. घरी सांगताना "फोटोग्राफर व्हायचंय" म्हणण्याऐवजी "चार वर्षांची पदवी आहे, सरकारी कॉलेज आहे" इथून सुरुवात करा. वडिलांच्या कपाळावरची एक आठी तरी कमी होईल. शासकीय कॉलेजची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलच्या चकरा नकोत.

कॅमेरा पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. हे ठासून सांगतोय, कारण बरेच पालक प्रवेशाच्या खुशीत हप्त्यावर नवाकोरा कॅमेरा आणतात आणि तो वर्षभर कपाटात पडून राहतो. कॉलेजात काय वापरायला मिळतं ते विचारा, सिनिअर काय वापरतात ते बघा, मग जुना घ्या. लेन्स महत्त्वाची, बॉडी नंतर.

यंदा दहावी-बारावीत असाल तर आजपासून एवढं करा. संध्याकाळी घरातले दिवे बंद करून एकाच खिडकीजवळ दोन वस्तू ठेवा, एक चमकणारी आणि एक मळकी. तांब्या आणि कांदा चालेल. आधी अर्धा तास पेन्सिलीने काढा, मग त्याच जागेवरून फोनने फ्लॅश न लावता फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवून बघा, फोनने तुमच्या न विचारता काय काय उजळवलंय. पंधरा दिवसांचे कागद आणि फोटो जमले की पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू.