पोर्क स्क्रॅचिंग्ज: ब्लॅक कंट्रीचा खारा मेवा

इंग्लंडच्या मध्य भागातील ब्लॅक कंट्री या कोळसा-लोखंडाच्या मुलखात, जिथे कष्टकरी कुटुंबे घरी डुक्कर पाळीत आणि त्याचा कोणताही भाग वाया जाऊ देत नसत, तिथे रुजलेला पोर्क स्क्रॅचिंग्ज हा डुकराच्या तळलेल्या कातडीचा पदार्थ आजही पबमध्ये बिअरबरोबर मोठ्या आवडीने खाल्ला जातो. त्याचे मुख्य प्रकार 3. पाठीच्या कातडीचा ‘क्रंच’ फुलून हलका होतो. ‘क्रॅकलिंग’ आधी मंद, मग कडक आचेवर असे दोनदा तळतात. परंतु माझी पसंती निःसंशय अस्सल स्क्रॅचिंग्जलाच, कारण एकदाच तळलेल्या त्या जाड कातडीला चरबीचा पिवळसर थर चिकटून राहतो, क्वचित एखादा राठ केसही दिसतो, आणि दाताखाली प्रथम काठिण्य व मग खारट स्निग्धता असा दुहेरी प्रत्यय येतो. दात नाजूक असणाऱ्यांनी मात्र क्रंचपासूनच आरंभ करावा.