जिप्समच्या पोटातलं पाणी

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या भाच्यासाठी एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. भाच्याने शिकारीची रायफल आणि एक पिस्तूल घेतलं आहे, घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि जवळच्या दुकानात साडेतीनशे डॉलरला 'गन सेफ' मिळते आहे. बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप, शिवाय अंकांची कळपट्टी, आणि दारावर '३० मिनिटं अग्निरोधक' असं झळकणारं स्टिकर. इतक्या स्वस्तातली तिजोरी घेण्यात अर्थ आहे का, की कर्ज काढून दोन-तीन हजारांचीच घ्यावी? बंदूक घरात असावी की नसावी, हे वाचकांनी विचारलेलं नाही, त्यामुळे त्या वादात मी पडत नाही. मत विचारलंच, तर घरात चार वर्षांची मुलगी आहे, याची फक्त आठवण करून देईन.

आधी त्या मुलीचंच बघू. स्वस्त तिजोरीची खरी कसोटी तिथेच लागते, आणि तिथली बातमी फारशी चांगली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 'फोर्ट्रेस' कंपनीच्या सुमारे ६१ हजार ठसेवाल्या तिजोऱ्या परत मागवल्या. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. मालक आपला ठसा नोंदवायचा, तिजोरी उघडायची, मालक खूश. प्रत्यक्षात नोंद झालेलीच नसायची. तिजोरी कारखान्यातून निघाली त्याच अवस्थेत असायची, आणि त्या अवस्थेत ती कुणाच्याही बोटाने उघडायची. एका बारा वर्षांच्या मुलाचा यात जीव गेला होता. पुढच्या वर्षी आणखी काही कंपन्यांच्या याच प्रकारच्या तिजोऱ्या परत बोलवाव्या लागल्या. स्वतःच्या बोटाने तिजोरी उघडली म्हणून निश्चिंत होणारी माणसं उलटी परीक्षा विसरली होती. नोंद न केलेल्या बोटाला ती नाही म्हणते का, हे कुणी तपासलंच नव्हतं. नवी तिजोरी घरी आली की शेजाऱ्याला बोलावून त्याचं बोट लावून बघावं. फुकटात होणारा इतका चांगला प्रयोग दुसरा नसेल.

दुसरी गंमत न्यूटनच्या पहिल्या नियमाची आहे. बहुतेक स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपांत एक छोटं सॉलेनॉइड असतं. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की आतली लोखंडी खिटी ओढली जाते आणि मूठ फिरायला मोकळी होते. वीज नसताना ती खिटी जागेवर धरून ठेवायला असते एक नाजूकशी स्प्रिंग. आता अख्खी पेटी वरून आपटली तर पेटीचा पत्रा हलतो, खिटी मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहते. त्या क्षणी मूठ फिरवणाऱ्याला आकडे माहीत असण्याची गरजच उरत नाही. २०१२ साली कुलूपतज्ज्ञ मार्क वेबर टोबायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लास व्हेगासच्या 'डेफ कॉन' या हॅकरांच्या परिषदेत अशा लहान तिजोऱ्यांचे वाभाडे काढले. काही तर तीन वर्षांचं मूल उघडू शकतं, हे त्यांनी चित्रफितीत दाखवलं. उपाय महाग नाही. खिटीऐवजी छोटी मोटर असलेलं कुलूप, किंवा सरळ किल्लीचं वा आकड्यांच्या तबकडीचं यांत्रिक कुलूप घ्यावं. बोटाच्या ठशाची हौस कशाला हवी, हे मला तरी कळलेलं नाही.

तरीही कुलूपबंद पेटी बिनकुलपी कपाटापेक्षा कितीतरी बरी. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. बंदूक कुलपात, रिकामी, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवणाऱ्या घरांत मुलांचे अपघात आणि किशोरवयीनांच्या आत्महत्येचे प्रयत्न या दोन्हींचा धोका बराच कमी आढळला. त्यात तिजोरीची किंमत विचारलेली नव्हती. नीट चालणारं कुलूप असेल तर साडेतीनशे डॉलरची पेटी हे काम करते.

चोराची गोष्ट वेगळी. अमेरिकी दुकानांतल्या गन सेफवर बऱ्याचदा 'आरएससी', म्हणजे निवासी सुरक्षा पेटी, असा शिक्का दिसतो. तो देते अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे यूएल, १८९४ साली शिकागोत सुरू झालेली आणि मुळात विमा कंपन्यांच्या काळजीतून जन्मलेली संस्था. या शिक्क्याच्या पहिल्या पायरीची परीक्षा अशी: एक माणूस, साधी हातहत्यारं, फार तर ४६ सेंटीमीटरची पहार, दीड किलोच्या आतला हातोडा आणि निव्वळ पाच मिनिटं. हत्यार पेटीला टेकलेलं असेल तेवढाच वेळ घड्याळात धरतात. तेवढ्यात दार उघडलं नाही की पेटी उत्तीर्ण. पाच मिनिटं ऐकून नाक मुरडू नका. घरफोड्या सहसा घाईत असतो, आणि अनेक स्वस्त पेट्यांवर हा शिक्काही नसतो.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे गिऱ्हाईक हमखास फसतं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १४ गेज म्हणजे १.९ मिलिमीटर, १२ गेज २.७, १० गेज ३.४. चौदा गेजची पेटी पहारीपुढे कितपत टिकेल याचं उत्तर पत्र्याइतकंच तिच्या उभं राहण्यावर अवलंबून असतं. पेटी जमिनीवर आडवी पाडता आली की चोराला दाराच्या फटीत पहार घालून अंगाचं सगळं वजन टाकता येतं, आणि तरफेचा दुसरा हात हवा तितका लांब करता येतो. पेटी जमिनीच्या काँक्रीटला चार बोल्टांनी जखडलेली, कोपऱ्यात उभी आणि मुठीची बाजू भिंतीला लागून असेल तर पहारीला जागाच मिळत नाही. पाच-दहा डॉलरच्या बोल्टांनी येणारी सुरक्षितता कधी कधी हजार डॉलरच्या जादा पोलादाने येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र दोन्ही हरतात. त्यासाठी 'टीएल' शिक्क्याच्या तिजोऱ्या असतात, आणि त्या उचलायला क्रेन लागते.

आता त्या स्टिकरकडे येऊ, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त रस तिथे आहे. पत्र्याच्या पेटीत आग कोण अडवतं? पोलाद नक्कीच नाही, ते उष्णता आनंदाने आत पोचवतं. अडवतो तो आतला जिप्सम बोर्ड, ऑफिसच्या खोट्या छताला लावतात तोच पांढरा फळा. जिप्सम म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा २१ टक्के भाग पाणी असतो, तरी हाताला ते ठणठणीत कोरडं लागतं. तापवलं की हे पाणी स्फटिकातून सुटतं आणि वाफ होऊन जातं. डाळ शिजताना भांड्यात पाणी आहे तोवर डाळ करपत नाही, कारण आच कितीही वाढवली तरी ती सगळी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. भांड्याच्या तळाशी तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतं. पाणी आटलं की मिनिटाभरात वास सुटतो. जिप्समचंही तसंच. पाणी आहे तोवर तिजोरीच्या आत साधारण उकळत्या पाण्याइतकी धग असते. पाणी संपलं की जिप्समचा भुगा होतो, त्याला भेगा पडतात आणि आतलं सगळं करपायला लागतं.

जिप्सममधलं पाणी उष्णतेने जातं आणि भाजलेल्या भुकटीला तेच पाणी परत दिलं की ती घट्ट बसते, हे नीट मोजून दाखवलं ते आंत्वान लाव्हाझिएने. १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, फ्रेंच अकादमीपुढे वाचलेला त्याचा पहिलाच निबंध जिप्समवर होता. ऑक्सिजनचा लाव्हाझिए सगळ्यांना माहीत असतो. हा तराजू घेऊन चुनखडीच्या भावंडाशी झटापट करणारा पोरसवदा लाव्हाझिए मला जास्त आवडतो.

पण लाव्हाझिएचं रसायनशास्त्र तिजोरीत शिरायला कित्येक दशकं लागली. डिसेंबर १८३५ मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी भाग जळाला. थंडी इतकी की बंबांचं पाणी गोठलं. शेकडो इमारती गेल्या, आणि 'अग्निरोधक' म्हणून विकलेल्या कित्येक लोखंडी पेट्यांमध्ये व्यापाऱ्यांना राख सापडली. पुढे १८४३ साली डॅनियल फिट्झजेराल्ड नावाच्या माणसाला प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे भाजलेल्या जिप्समची तीच भुकटी, भरलेल्या तिजोरीचं पेटंट मिळालं. ते हक्क विकले गेले, तिजोऱ्या खपल्या, नक्कल झाली, आणि भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'गेलर विरुद्ध वाइल्डर', १८५०. त्या खटल्यात जेम्स कॉनर हे नाव पुढे आलं. हा न्यूयॉर्कचा छपाईचे ठसे ओतणारा. त्याने १८२९ ते १८३२च्या दरम्यान स्वतःच्या कचेरीसाठी दोन पेट्या एकात एक ठेवून मध्ये प्लास्टर भरलं होतं. १८३८ पर्यंत ती पेटी त्याच्याकडे होती. मग ती दुसऱ्याकडे गेली आणि विसरली गेली. पुढे कॉनरने स्वतः वापरल्या त्या तिजोऱ्यासुद्धा वेगळ्याच पद्धतीच्या!

सरन्यायाधीश टेनींचा निर्णय असा: वापर झाला, पण तो स्मरणातून गेला, त्या पेटीची आगीत परीक्षा झाली नाही, लोकांना तिचा काही फायदा मिळाला नाही. म्हणून फिट्झजेराल्डच पहिला. काही न्यायमूर्तींना हे पटलं नाही. मलाही मनातून पटत नाही, पण विज्ञानाच्या दृष्टीने टेनी बरोबर होते असं म्हणावं लागतं. तपासून न पाहिलेलं अग्निरोधन म्हणजे केवळ प्लास्टर भरलेली पेटी.

हाच निकष ह्यूस्टनच्या दुकानातल्या स्टिकरला लावून बघा. यूएलच्या अग्निपरीक्षेत भट्टी एका तासात ९२७ अंश सेल्सिअसवर नेतात आणि आतलं तापमान १७७ अंशांच्या खाली राहावं लागतं, म्हणजे कागद तगतो. ती भट्टी पाच मिनिटांतच ५३८ अंश गाठते. स्वस्त गन सेफवरची '३० मिनिटं' बहुतेकदा निर्मात्याच्या स्वतःच्या परीक्षेतली असतात. भट्टी किती तापवली, किती वेगाने, आत थर्मामीटर कुठे ठेवला, सगळं त्याचंच. शिवाय घरंही बदलली. यूएलच्याच प्रयोगात जुन्या पद्धतीच्या लाकडी-सुती सामानाची खोली पूर्ण भडकायला २९ मिनिटांहून जास्त लागली, तर फोम आणि प्लॅस्टिकच्या सामानाची चार मिनिटांच्या आत.

थोडा हिशेब करून बघू. दीड मीटर उंच, ६० सेंटीमीटर रुंद, ५० खोल अशा पेटीला आतून जिप्सम बोर्डाचा अर्धा इंची एकच थर लावला, तर साधारण ३० किलो जिप्सम भरतं, म्हणजे सहा-साडेसहा किलो पाणी. ते उकळून घालवायला लागणारी उष्णता स्वयंपाकाच्या गॅसच्या जेमतेम एक तृतीयांश किलोतून मिळते. जळत्या दिवाणखान्यात तेवढी उष्णता काही मिनिटांचा खेळ आहे. त्यात दारात बोर्ड नसेल, किंवा फटीत तापल्यावर फुगणारी पट्टी नसेल, तर तेवढाही हिशेब करायला नको.

आपल्या मुंबईने याची मोठी परीक्षा पाहिली आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केली आणि १९०२ मध्ये तिजोऱ्या काढल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, त्या आगीतून आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला असं कंपनी आजही अभिमानाने सांगते. आग विझल्यावरही तिजोरी उघडायची घाई करू नये, हा धडा मात्र सॅन फ्रान्सिस्कोचा. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत तापलेल्या तिजोऱ्या लवकर उघडल्या, तर आतल्या तापल्या कागदांना हवा मिळून ते पेट घेत. बँका कित्येक दिवस दारापाशी थांबून राहिल्या. ए. पी. जियानिनी या बँकवाल्याने आपली रोकड आधीच भाजीच्या गाडीतून गावाबाहेर नेली होती. बाकीच्यांचं पोलाद थंड होईपर्यंत तो धक्क्यावर पिंपांवर फळी टाकून कर्ज वाटत बसला. त्याचीच बँक पुढे 'बँक ऑफ अमेरिका' झाली.

तर भाच्याने काय करावं? साडेतीनशेची पेटी घ्यायला हरकत नाही, पण त्यात आरएससीचा शिक्का असलेली मिळत असेल तर तीच. शिक्का नसला तर निदान १२ गेजचा पत्रा आणि यांत्रिक कुलूप बघावं, ठसेवालं नको. बोल्ट मात्र मारायचेच. काडतुसं दुसऱ्या कुलपात. स्टिकरवरची ३० मिनिटं शून्य धरावीत, आणि पासपोर्ट, घराचे कागद यांसाठी यूएलच्या अग्निपरीक्षेत उतरलेली छोटी पेटी वेगळी घ्यावी. '२४ बंदुका मावतात' यावरही विश्वास ठेवू नये, दुर्बीण लावलेल्या रायफली निम्म्याच बसतात. दोन हजारांची तिजोरी घेण्याइतके पैसे असतील तर ते घरातल्या धूर सूचकांवर आधी खर्च करावेत.

ह्यूस्टनचा दमटपणा मात्र विसरून चालणार नाही. तो मुंबईच्या पावसाळ्याच्या तोडीचा असतो, आणि बंद पेटीत लोखंडावर गंज चढायला आग लागावी लागत नाही. आत सिलिका जेलची डबी ठेवावी. रंग बदलला की तिला ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा आत ठेवावी.