शाळेत नाव लागलं, पुढे काय?

अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात सेंट्रल हायस्कूल ही सरकारी शाळा आहे. १९२७ साली सुरू झालेली ही शाळा तीस वर्षं फक्त गोऱ्या मुलांची होती. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरीही सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं आली, तेव्हा गव्हर्नरने सैनिक लावून त्यांना दारातच अडवलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवलं. २५ सप्टेंबरला त्या पहाऱ्यात मुलं वर्गात गेली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. वर्षभर धक्काबुक्की, शिवीगाळ. खेळात, शाळेच्या कार्यक्रमांत भाग घ्यायला मनाई. मिनिजीन ब्राउनला तर शाळेतून काढलंच. अर्नेस्ट ग्रीन मात्र मे १९५८ मध्ये पास होऊन बाहेर पडला. या शाळेतून पास होणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पुढचं वर्षभर शहरातली सरकारी हायस्कुलं बंदच ठेवली गेली. त्यात गोऱ्या मुलांचंही शिक्षण बुडालं.

आज तिथे सगळ्या वर्णांची मुलं एकत्र शिकतात.

शाळेत नाव लागलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. म्हणून मूल घरी आलं की मार्कांसोबत हेही विचारा: आज डबा कोणाबरोबर खाल्लास? खेळायला घेतात ना?